सस्क्वेहॅनॉक लोक आणि त्यांची हरवलेली भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुप्त भाषांचा विषय निघाला की मी सस्क्वेहॅनॉक हे नाव घेतो आणि समोरचा हमखास विचारतो, "कोण हे?" मग प्रश्नांची रांग लागते. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे लांबली, तिथे मला थोडक्यात सांगणं जमलं नाही.

हे लोक कोण आणि कुठले?

सस्क्वेहॅना ही अमेरिकेच्या पूर्व भागातली मोठी नदी. न्यूयॉर्क राज्यातल्या ओट्सेगो तळ्यातून निघते, पेन्सिल्व्हेनिया उभा चिरत खाली येते आणि सुमारे ७१५ किलोमीटर वाहून मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराला मिळते. या नदीकाठचे हे लोक, इरोक्वॉयन कुळातली भाषा बोलणारे. सोळाव्या शतकात त्यांची वस्ती नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या न्यूयॉर्क-पेन्सिल्व्हेनिया सीमेजवळ होती. शतक सरता सरता ते खाली सरकले आणि आजच्या लँकॅस्टर परगण्यात, वॉशिंग्टन बरोच्या परिसरात त्यांनी मोठं गाव वसवलं.

गावाभोवती ओंडक्यांचं उंच कुंपण. आत सालींनी शाकारलेली लांबच लांब घरं. एकेका घरात आईकडून नातं लागणारी अनेक कुटुंबं राहायची आणि मधून चुलींची रांग असायची. मका, घेवडा आणि भोपळा ही मुख्य पिकं, शेती बायकांच्या हातात. पुरुष शिकारीला, व्यापाराला आणि लढाईला जायचे.

इरोक्वॉयन म्हणजे इरोक्वॉइच ना?

नाही, आणि हा घोळ फार ठिकाणी दिसतो. इरोक्वॉयन हे भाषाकुळाचं नाव आहे. इरोक्वॉइ हे एका राजकीय संघाचं, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांच्या संघाचं. पुढे १७२२ च्या सुमारास टस्करोरा त्यात सहावे म्हणून आले. हा संघ स्वतःला होडेनोशोनी म्हणतो, म्हणजे लांब घराचे लोक.

सस्क्वेहॅनॉक भाषेने या पाचांचे सख्खे चुलतभाऊ होते, पण संघात कधीच नव्हते. उलट सतराव्या शतकाचा बराच काळ त्यांचा या भाऊबंदांशी उभा दावा होता. भाषा जवळची म्हणून माणसं जवळची, असं मानायला इथे जागा नाही.

त्यांचं स्वतःचं नाव काय होतं?

हे कुठेच लिहून ठेवलेलं नाही. एवढ्या मोठ्या लोकसमूहाचं स्वतःचं नावच हरवलंय, आणि आपल्या हातात आहेत ती सगळी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं.

"सस्क्वेहॅनॉक" हा शब्द इंग्रजांनी चेसापीकच्या काठावरच्या, अल्गॉन्क्वियन या वेगळ्या कुळातली भाषा बोलणाऱ्या दुभाष्यांच्या तोंडून ऐकला. त्यातला "हॅना" हा भाग प्रवाहाचा, नदीचा वाचक आहे. फ्रेंचांनी ह्युरॉन या दुसऱ्या इरोक्वॉयन भाषिक लोकांकडून "आंदास्त" उचललं. डच आणि स्वीडिश व्यापाऱ्यांनी शेजारच्या लेनापे लोकांकडून "मिंक्वा" घेतलं. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियाचे इंग्रज त्यांना गावाच्या नावावरून "कॉनेस्टोगा" म्हणू लागले. त्यामुळे चार भाषांमधले कागद वाचणाऱ्याला वाटतं की चार वेगवेगळ्या जमातींबद्दल वाचतोय. एकाच माणसाचं नाव शेजाऱ्याने एक, सावकाराने दुसरं आणि तलाठ्याने तिसरंच लिहावं, तसं हे झालं.

ते राक्षसासारखे धिप्पाड होते, हे खरं का?

ही आख्यायिका इंग्रज कॅप्टन जॉन स्मिथपासून सुरू होते. १६०८ च्या उन्हाळ्यात तो होडीने चेसापीकच्या टोकापर्यंत गेला. तिथल्या टॉकवॉ लोकांकरवी त्याने सस्क्वेहॅनॉकांना निरोप पाठवला आणि काही दिवसांनी साठेक जण भेटीला आले. येताना त्यांनी हरणाचं मांस, हातभर लांब चिलमी, टोपल्या, ढाली आणि धनुष्यबाण आणले होते. स्मिथने लिहिलं की इतकी मोठी आणि घाटदार माणसं क्वचितच दिसतात, इंग्रजांना ती राक्षसांसारखी भासली. १६१२ मध्ये छापलेल्या त्याच्या नकाशावर एका सस्क्वेहॅनॉक योद्ध्याचं चित्रही आहे.

स्मिथला रंगवून सांगायची सवय होती, म्हणून मी मापांकडे फार लक्ष देत नाही. मला त्याचं दुसरं वाक्य मोलाचं वाटतं. या लोकांची भाषा त्यांच्या देहाला शोभणारी आहे, ती तळघरातून घुमत आल्यासारखी ऐकू येते, असं त्याने लिहिलं. त्या भाषेच्या आवाजाचं ज्याने ती कानाने ऐकली अशा माणसाने केलेलं हे वर्णन आहे. तिच्या नादाबद्दल असं सांगणारे फार थोडे आहेत.

या भाषेचे किती शब्द उरलेत आणि ते कुणामुळे?

जेमतेम ऐंशी ते शंभर. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी असतात, त्याहूनही कमी.

ते उरले एका स्वीडिश पाद्र्यामुळे. १६३८ मध्ये स्वीडनने डेलावेअर नदीकाठी, आजच्या विल्मिंग्टनच्या जागी, फोर्ट क्रिस्टिना बांधला आणि "न्यू स्वीडन" नावाची छोटी वसाहत थाटली. १६४३ ते १६४८ या काळात योहानेस कँपानियस हे लुथरपंथी पाद्री तिथे होते. त्यांचं मुख्य काम लेनापे लोकांमध्ये चाललं होतं. मार्टिन लुथरच्या लहान प्रश्नोत्तरीचं त्यांनी लेनापेंच्या व्यापारी बोलीत भाषांतर केलं. हे काम करताना, बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याची कातडी घेऊन किल्ल्यावर येणाऱ्या मिंक्वा लोकांचेही काही शब्द आणि वाक्प्रयोग त्यांनी टिपले.

कँपानियस १६८३ मध्ये वारले. प्रश्नोत्तरीच्या भाषांतराचं पुस्तक छापलं गेलं ते १६९६ मध्ये, स्टॉकहोममध्ये. शेवटी "व्होकाब्युला माहाकुआसिका" या लॅटिन मथळ्याखाली ती छोटी यादी जोडलेली होती. शब्द ऐकल्यापासून छापून येईपर्यंत जवळपास पन्नास वर्षं गेली आणि तेवढ्यात ते लोक आपल्या गावातून उखडले गेले होते. १७०२ मध्ये कँपानियसच्या नातवाने, थॉमस कँपानियस होल्मने, न्यू स्वीडनचं वर्णन छापलं आणि त्यातही हे शब्द घेतले. स्वतः नातू अमेरिकेत कधी गेला नव्हता.

म्हणजे हे शब्द राहिले ते कुणाला त्या भाषेचा जिव्हाळा होता म्हणून नाही. वखारीच्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलता यावेत, ही गरज त्यामागे होती. तरीही मी कँपानियस यांचा ऋणी आहे. तेवढंही दुसऱ्या कुणी केलं नाही.

त्यातले काही शब्द सांगाल का?

एक ते दहा आकडे सांगतो. स्वीडिश लेखन देवनागरीत आणताना उच्चार थोडे इकडेतिकडे होणारच :

एक – ओन्स्कात
दोन – तिग्गेने
तीन – आक्से
चार – रायेने
पाच – विस्क
सहा – यायाक
सात – त्सादाक
आठ – तिकेरोम
नऊ – वादेरोम
दहा – आस्सान

हे मोठ्याने म्हणून पाहा. आता आजही बोलल्या जाणाऱ्या मोहॉक भाषेतले काही आकडे पाहा : एक एन्स्का, दोन तेकेनी, तीन आह्सन, पाच विस्क. आपण मराठीत पाच म्हणतो, गुजराती पांच म्हणतात, पंजाबी पंज म्हणतात. नात्याला आणखी पुरावा लागत नाही. दहाला मात्र मोहॉक "ओयेरी" म्हणतात. तिथे आस्सानचं नातं ह्युरॉनशी जास्त जुळतं.

स्वीडिश माणसाने कानाने ऐकून लिहिलेल्या यादीवर भरवसा कसा ठेवायचा?

रास्त शंका आहे. मथळ्यापासूनच गोंधळ आहे. "माहाकुआसिका" या शब्दावरून ही मोहॉकांची यादी वाटते, कारण त्या भागातले युरोपीय मोहॉकांना मिळतीजुळती नावं देत. त्यामुळे ही नक्की कुणाची भाषा, हा वाद बराच काळ चालला. १९८१ मध्ये मेरिअन मिथुन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी यादीतला शब्दन् शब्द इतर इरोक्वॉयन भाषांशी ताडून पाहिला. ही उत्तर इरोक्वॉयन शाखेतली, पाच राष्ट्रांच्या भाषांना जवळची, पण त्यांच्यापैकी कोणाचीही नसलेली स्वतंत्र भाषा आहे, हे त्यातून पुढे आलं.

कँपानियस यांच्या चुकाही बोलक्या आहेत. वरच्या यादीत आठ आणि नऊ "म"ने संपतात. आता गंमत अशी की उत्तर इरोक्वॉयन भाषांमध्ये "म" हा वर्ण मुळात नाही. मग आला कुठून? या भाषांत अनुनासिक स्वर आहेत, आपल्याकडे कोकणी माणूस नाकातून काढतो तसे. शब्दाच्या शेवटी असा स्वर ऐकला की स्वीडिश कानाला तो "ओम" वाटला असणार. शंभर वर्षं आधी दुसऱ्या एका इरोक्वॉयन भाषेतला दहाचा शब्द फ्रेंचांनी "आसेम" असा लिहून घेतला होता, तिथेही शेवटी हाच "म" आहे. कुठे चूक होते हे एकदा कळलं की चुकीतूनही मूळ उच्चार थोडाफार हाती लागतो. जुन्या मोडी कागदांवर काम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

या भाषेत "म" नाही, मग "प" आणि "ब" तरी आहेत का?

तेही नाहीत. ओठ मिटून काढायचे वर्ण या शाखेतल्या भाषांमध्ये मुळातच नाहीत. आपला अख्खा प-वर्ग वजा करून मराठी बोलून पाहा, म्हणजे कल्पना येईल. आई-बाप यातला बाप गेला, मामा गेला, पाणी गेलं. लाओंताँ नावाच्या फ्रेंच सरदाराने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं आहे की एका ह्युरॉन माणसाला हे वर्ण शिकवण्यात त्याने चार दिवस घालवले आणि जमलं नाही. बोलताना तोंड मिटायचं हेच त्या माणसाला विचित्र वाटत होतं. मोहॉक भाषेत आजही मेरी या नावाचं "वारी" होतं.

व्याकरणाच्या बाबतीत या कुळाची ओळख म्हणजे क्रियापद. कर्ता कोण, कर्म कोण, कधी, कितीदा, हे सगळं एकाच क्रियापदात गुंफलेलं असतं. नाम उचलून क्रियापदाच्या पोटात घालता येतं आणि एक शब्द म्हणजे एक पूर्ण वाक्य होतं. यादीवरून सस्क्वेहॅनॉक बोलणाऱ्याच्या वाक्याची ही वीण दिसत नाही. विटा दिसतात, घर दिसत नाही.

इतके बलवान होते, तर संपले कसे?

याचं उत्तर बीव्हरपासून सुरू करावं लागतं. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांना प्रचंड मागणी होती. कातडी आतल्या जंगलातून यायची आणि सस्क्वेहॅना ही त्या जंगलातून समुद्राकडे येणारी वाट होती. त्या वाटेवर हे लोक बसले होते. डच, स्वीडिश, इंग्रज, फ्रेंच सगळ्यांशी त्यांचा व्यवहार चाले. त्यांच्या जुन्या गावांच्या उत्खननात काचेचे मणी, पितळी भांडी आणि ती भांडी कापून केलेले दागिने भरपूर मिळालेत.

१६१५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी शांप्लेनने एटिएन ब्रुले या तरुण दुभाष्याला त्यांच्याकडे पाठवलं होतं, ओनोंडागांच्या गावावरच्या हल्ल्यासाठी पाचशे योद्धे मागायला. ते निघालेही, पण पोहोचेपर्यंत शांप्लेन माघारी फिरला होता. १६४२ मध्ये मेरीलँडच्या इंग्रजांनी त्यांना शत्रू जाहीर केलं. स्वीडिश बंदुकांच्या जोरावर त्यांनी मेरीलँडच्या फौजेला पळवून लावलं आणि दोन तोफा काबीज केल्या. १६५२ मध्ये तह झाला. त्यात उपसागराच्या दोन्ही काठांवरची मोठी जमीन त्यांनी इंग्रजांना दिली, कारण त्यांना उत्तरेकडच्या पाच राष्ट्रांशी लढायला दक्षिणेची बाजू मोकळी हवी होती. १६६३ मध्ये पाच राष्ट्रांचे आठशे योद्धे त्यांच्या गावावर चालून आले, तर बुरुज आणि तोफा पाहून त्यांना मागे फिरावं लागलं.

पण पायाखालची जमीन सरकत होती. १६५५ मध्ये डचांनी न्यू स्वीडन घेतलं, १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांना हुसकलं. ज्यांच्याकडून दारूगोळा यायचा ते मित्रच नकाशावरून गेले. १६६१ च्या सुमारास देवीची साथ आली. ज्यांच्या रक्तात या रोगाची ओळखच नव्हती, त्यांच्या गावात देवी शिरली की काय होतं ते त्या खंडावर जागोजाग दिसलं. सततच्या लढाईत तरुण माणसं जात होती. एका कारणाने कुणी संपत नाही. इथे सगळी कारणं पंधरा वर्षांच्या आत एकमेकांवर येऊन आदळली.

१६७५ मध्ये काय झालं?

त्या सुमारास ते आपलं नदीकाठचं गाव सोडून मेरीलँडमध्ये, पोटोमॅक नदीजवळ पिस्कॅटवे खाडीच्या काठी, मेरीलँड सरकारच्या संमतीने राहायला आले. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर इंग्रज मळेवाले आणि डोएग नावाचे तिथले मूळ रहिवासी यांच्यात डुकरांवरून भांडण झालं, त्यात खून पडले. बदला घ्यायला निघालेल्या व्हर्जिनियाच्या माणसांनी वाटेत सस्क्वेहॅनॉकांनाच मारलं. आग तिथून भडकली.

सप्टेंबरमध्ये मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या मिळून हजारेक माणसांनी त्यांच्या गढीला वेढा घातला. मेरीलँडचा सेनानी मेजर थॉमस ट्रूमन होता. व्हर्जिनियाच्या फौजेत कर्नल जॉन वॉशिंग्टन होता, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा पणजोबा. बोलणी करायला पाच सरदार गढीबाहेर आले. त्यांनी मेरीलँडच्या आधीच्या गव्हर्नरने मैत्रीची खूण म्हणून दिलेलं चांदीचं पदक आणि कागद दाखवला. त्या पाचांना नेऊन ठार मारण्यात आलं.

वेढा सहा आठवडे चालला. मग एका रात्री आतली सगळी माणसं, बायकापोरांसकट, पहारेकऱ्यांना मारून निसटली. पुढचे महिनेच्या महिने सरहद्द पेटलेली राहिली. त्या असंतोषावर स्वार होऊन व्हर्जिनियात नॅथॅनिएल बेकनने १६७६ मध्ये बंड केलं. अमेरिकेच्या इतिहासात ते बंड सगळ्यांना माहीत असतं. ज्या खुनांनी ते सुरू झालं, ते फारसे कुणाला ठाऊक नसतात. ट्रूमनवर मेरीलँडच्या विधिमंडळात खटला चालला. त्याला देहान्ताची शिक्षा झाली नाही.

म्हणजे तिथे ते "नामशेष" झाले?

हा शब्द मी शक्यतो वापरत नाही. नामशेष म्हटलं की काहीतरी आपोआप विरून गेल्यासारखं वाटतं, दव उडावं तसं. इथे असं काही आपोआप झालं नाही.

वाचलेल्यांपैकी पुष्कळ जण जुन्या वैऱ्यांकडे, होडेनोशोनींकडे गेले. काही युद्धकैदी म्हणून, काही आसरा मागत. त्या समाजात दत्तक घेण्याची जुनी रीत होती. घरातलं माणूस लढाईत किंवा साथीत गेलं की परक्याला त्याच्या जागी बसवायचं, गेलेल्याचं नावही त्याला द्यायचं. तो मग खऱ्या अर्थाने त्या घरचा होई. माणूस असा वाचला. पण सेनेका घरात दत्तक गेलेल्या आईचं मूल सेनेका बोलत मोठं झालं. भाषा इतकी जवळची असेल तर एका पिढीतच ती विरघळते. सस्क्वेहॅनॉक भाषा बरीचशी इथे, दुसऱ्यांच्या चुलीपाशी मिटली, असं मला वाटतं.

थोडे जण सतराव्या शतकाच्या अखेरीस लँकॅस्टरजवळ परत आले आणि कॉनेस्टोगा गाव वसलं. त्यात सेनेका आणि इतरही लोक मिसळलेले होते. १७०१ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या विल्यम पेनने त्यांच्याशी कायमच्या मैत्रीचा करार केला.

१७६३ मध्ये कॉनेस्टोगा गावात काय घडलं?

तोवर गावात वीस माणसं उरली होती. झाडू आणि टोपल्या विणून आसपासच्या इंग्रज-जर्मन शेतकऱ्यांना विकायची, हा त्यांचा चरितार्थ. ३० नोव्हेंबरला त्यांनी नव्या गव्हर्नरला, जॉन पेनला, स्वागताचं पत्र लिहिलं आणि जुन्या मैत्रीची आठवण दिली.

त्या वर्षी सरहद्दीवर युद्ध चालू होतं आणि दूरच्या टोळ्यांच्या हल्ल्यांत अनेक वसाहतवाले मेले होते. त्याचा राग पॅक्स्टन भागातल्या माणसांनी या निःशस्त्र शेजाऱ्यांवर काढला. १४ डिसेंबरला पहाटे पन्नासाहून जास्त घोडेस्वार गावात शिरले. घरी सहाच जण होते, बाकीचे विक्रीला बाहेर गेलेले. सहाही जणांना मारून झोपड्या पेटवून दिल्या. त्यांत शीहेज नावाचा म्हातारा होता. १७०१ चा करार त्याने स्वतः पाहिला होता. धोका आहे असं कुणी सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता की इंग्रज मला आपल्या अंगरख्यात लपेटून जपतील. ही गोष्ट बेंजामिन फ्रँकलिनने महिन्याभरात छापलेल्या पत्रकात नोंदवली आहे. पत्र गव्हर्नरच्या परिषदेपुढे वाचलं गेलं, तेव्हा शीहेज जिवंत नव्हता.

उरलेल्या चौदांना संरक्षण म्हणून लँकॅस्टरच्या सरकारी कोठडीत ठेवलं. २७ डिसेंबरला, भरदिवसा, तीच माणसं दार फोडून आत शिरली आणि चौदाही जणांना मारलं. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती.

कुणाला शिक्षा झाली का?

नाही. गव्हर्नरने जाहीरनामे काढले, बक्षीस लावलं. एकावरही गुन्हा शाबीत झाला नाही. फेब्रुवारी १७६४ मध्ये याच मंडळींनी फिलाडेल्फियावर मोर्चा नेला आणि फ्रँकलिन व इतरांनी बोलणी करून त्यांना परतवलं.

त्यातून कुणीच वाचलं नाही?

मायकल आणि मेरी हे जोडपं वाचलं. ते ख्रिश्चन हर्शी नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर राहत होते. त्याच मळ्यात त्यांना पुढे पुरलं. होडेनोशोनींत दत्तक गेलेल्यांचे वंशज आजही न्यूयॉर्क, कॅनडा आणि ओक्लाहोमामधल्या सेनेका, कायुगा, ओनोंडागा समाजांत आहेत.

आज हे नाव कुठे भेटतं?

नदी आहेच. लँकॅस्टर परगण्यातल्या कॉनेस्टोगा खोऱ्यात बनलेल्या, कमानदार छपराच्या मोठ्या मालगाडीला, घोडे ओढत त्या गाडीला, "कॉनेस्टोगा वॅगन" म्हणत. त्या गाडीवानांच्या लांब चिरुटाला त्यावरून "स्टोगी" म्हणू लागले आणि तो शब्द अमेरिकन इंग्रजीत अजून चालतो. लँकॅस्टरमधली ती कोठडी पाडून १८५२ मध्ये तिथे नाट्यगृह बांधलं. फुल्टन ऑपेरा हाउस म्हणून ते आजही चालू आहे. कोठडीची जुनी भिंत इमारतीच्या मागच्या अंगाला दिसते.

ही भाषा पुन्हा बोलती करता येईल का?

शंभर शब्दांवर नाही. क्वेबेकमधल्या वेंडॅट, म्हणजे ह्युरॉन, लोकांनी आपली भाषा पुन्हा शिकायला घेतली आहे, पण त्यांच्याकडे जेझुइट पाद्र्यांनी लिहिलेले जाडजूड शब्दकोश आणि व्याकरणं आहेत. इथे तसं काही नाही. ओनोंडागा किंवा मोहॉकच्या आधारे गाळलेल्या जागा भरता येतील, पण भरल्यावर जे हाती येईल ते बरंचसं ओनोंडागा किंवा मोहॉक असेल. त्यापेक्षा या जिवंत भावंडांना बळ द्यावं. त्यांचेही बोलणारे थोडेच उरलेत.

असे आणखी कोणी आहेत का?

आहेत, आणि काहींची अवस्था याहून वाईट आहे. ईरी, न्यूट्रल आणि वेन्रो हे इरोक्वॉयन लोक सतराव्या शतकाच्या मध्यात उद्ध्वस्त झाले. त्यांच्या भाषांची यादीसुद्धा नाही, फक्त काही नावं. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या लोकांची थोडी शब्दावली फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याच्या १५३४ ते १५३६ च्या सफरींमुळे राहिली. गाव या अर्थाचा त्यांचा "कानाटा" हा शब्द एका देशाचं नाव झाला. शांप्लेन १६०३ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा ते लोक नव्हते.

व्हर्जिनियातल्या नॉटोवे भाषेचं नशीब थोडं बरं. १८२० मध्ये ईडिथ टर्नर या वृद्ध बाईकडून शब्द लिहून घेतले गेले. ते थॉमस जेफरसनमार्फत फिलाडेल्फियाच्या पीटर द्यु पोंसोकडे गेले आणि ही इरोक्वॉयन भाषा आहे हे त्याने ओळखलं. कँपानियसच्या नातवाचं पुस्तक १८३४ मध्ये इंग्रजीत आणलं तेही याच द्यु पोंसोने. ईडिथ टर्नर यांच्या यादीबद्दल एक वेगळं लेखन व्हायला हवं. शब्द देणाऱ्याचं नाव नोंदलं गेलंय, असं या विषयात क्वचितच घडतं.

१७६३ मध्ये मारल्या गेलेल्यांची नावं माहीत आहेत का?

आहेत. कारण त्यांची सरकारी यादी झाली. ही नावं इंग्रजी कानांनी ऐकलेली आहेत आणि त्यात सेनेका किंवा दुसऱ्या भाषांतली नावंही मिसळली असणार. पण कँपानियस यांच्या शंभर शब्दांनंतर त्या गावचा आवाज कागदावर उतरला तो इथेच.

कॉनेस्टोगा गावात मारले गेले ते शीहेज, वा-आ-शेन, टी-काउ-ले, शीहेजचा मुलगा एस-कानेश, आणि दोन बायका, त्यांतली एक म्हातारी, तिचं नाव टी-वॉन्शा-इ-ऑन्ग, दुसरी कानेन्क्वास.

लँकॅस्टरच्या कोठडीतली मुलं : क्वाचाउ, शे-ए-काह, एक्स-उंडास, टाँग-क्वास, हाय-ये-नास, को-क्वा-ए-उन-क्वास, कारेन-डो-उआ, कानु-काय-सुंग. शेवटच्या तिघी मुली.

मोठी माणसं सहा. कॅप्टन जॉन म्हणून ओळखला जाणारा क्युन्क्वेआगोआ आणि त्याची बायको कोवीनासी. टेन्सीडागुआ आणि त्याची बायको कानियांगुआस. साक्विएस-हॅट-टा आणि त्याची बायको ची-ना-वान. या साक्विएस-हॅट-टाला इंग्रज शेजाऱ्यांनी एक सोपं नाव दिलं होतं आणि यादीत ते त्याच्या खऱ्या नावाशेजारी लिहिलेलं आहे : जॉन स्मिथ.